नळी झुकते कुठवर, पडते कधी?

घरातल्या कपाटाला चिकटणारे लोहचुंबक, भिंतीवरची पाल आणि खिशातला मोबाईल या तीन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, असे सहसा कुणाला वाटणार नाही. पण संबंध आहे. आज जगभरच्या प्रयोगशाळांत केसाच्या हजारो पट बारीक यंत्रे तयार होत आहेत. ती किती ओढ सहन करतील आणि कोणत्या क्षणी कोसळतील, याचा हिशेब ज्या नियमांवर चालतो, ते या तीन गोष्टींत दिसतात. हा हिशेब आपल्या कोल्हापुरात बसूनही करता येतो. दहावी-बारावीच्या मुलामुलींना आणि त्यांच्या आईवडिलांना हे ठाऊक असावे, म्हणून हा लेख.

कपाट, लोहचुंबक आणि रबर

आधी एक प्रयोग. आम्ही तो घरी मुलांसोबत करून पाहिला आहे, तुम्हीही करा. एका साध्या रबराला छोटे लोहचुंबक बांधा. रबराचे दुसरे टोक हातात धरून चुंबक लोखंडी कपाटाच्या पत्र्याकडे अगदी हळूहळू न्या. सुरुवातीला रबर थोडे ताणते, चुंबक पत्र्याकडे किंचित ओढले जाते आणि तिथेच थांबते. हात आणखी पुढे नेला की रबर आणखी ताणते आणि चुंबक पुन्हा थांबते. इथपर्यंत सारे आपल्या ताब्यात असते. मग एका ठिकाणी हात जेमतेम एखादा सूत पुढे सरकतो आणि चुंबक ‘टक्’ करून पत्र्याला जाऊन बसते. आता हात आधीच्या जागी मागे घेऊन पाहा. चुंबक सुटत नाही. ते सोडवायला हात बराच मागे घ्यावा लागतो.

असे का होते? रबराचा जोर एका चालीने वाढतो. दुप्पट ताणले की साधारण दुप्पट जोर, तिप्पट ताणले की तिप्पट. चुंबकाची ओढ अशी एका चालीने वाढत नाही. अंतर जसे कमी होते, तशी ती अधिकाधिक वेगाने वाढत जाते. दोघांची रस्सीखेच काही वेळ बरोबरीत चालते. मग एक जागा अशी येते, की चुंबक केसभर पुढे गेले तर त्याची ओढ रबराच्या जोरापेक्षा जास्त वाढते. त्या जागेनंतर बरोबरी पुन्हा साधत नाही. अभियंते या प्रकाराला ‘पुल-इन’ म्हणतात. आपण त्याला ‘खेचून पडणे’ म्हणू.

तीन भागांतला पहिला भाग

आता चुंबकाच्या जागी वीज घेऊ. एक धातूची पट्टी पक्की बसवलेली आहे. दुसरी पट्टी स्प्रिंगला टांगून तिच्यासमोर ठेवली आहे. दोघींना बॅटरी जोडली की त्या एकमेकींना ओढतात. त्यांच्यातले अंतर अर्धे झाले तर ओढ चौपट होते, हा विजेचा नियम. टांगलेली पट्टी कुठवर सुखरूप झुकेल?

यासाठी मोठे गणित लागत नाही. दोन पट्ट्यांमधल्या मूळ अंतराचे तीन भाग करा. पट्टी जितकी झुकली तितका स्प्रिंगचा जोर. विजेची ओढ म्हणजे व्होल्टेजच्या वर्गाला उरलेल्या अंतराच्या वर्गाने भागणे. दोन्ही बरोबरीत राहायचे असतील, तर व्होल्टेजचा वर्ग हा ‘झुकलेले अंतर गुणिले उरलेल्या अंतराचा वर्ग’ इतका असायला हवा. आता आकडे घालून पाहू.

पट्टी अर्धा भाग झुकली, तर अडीच भाग उरले. अडीचचा वर्ग सव्वासहा, त्याच्या निम्मे सुमारे ३.१३.
पट्टी एक भाग झुकली, तर दोन उरले. दोनचा वर्ग चार, गुणिले एक, म्हणजे ४.
पट्टी दीड भाग झुकली, तर दीड उरले. वर्ग सव्वादोन, गुणिले दीड, म्हणजे सुमारे ३.३८.
पट्टी दोन भाग झुकली, तर एक उरला. उत्तर २.

आकडा चारपर्यंत चढतो आणि मग उतरतो. म्हणजे पट्टी एक तृतीयांश झुकेपर्यंत तिला आणखी झुकवायला जास्त व्होल्टेज लागते, तोवर तोल सांभाळलेला असतो. एक तृतीयांशाच्या पुढे मात्र कमी व्होल्टेज पुरे असते, आणि आपण तर आधीच जास्त दिलेले असते. उरलेली ओढ पट्टीला थेट समोरच्या पट्टीवर आपटते. पट्टी कोणत्याही धातूची असो, मोठी असो की छोटी, स्प्रिंग कडक असो की मऊ, हा एक तृतीयांशाचा आकडा बदलत नाही.

यात आणखी एक बारकावा आहे. वरचा हिशेब व्होल्टेज सावकाश वाढवण्याचा आहे. बटण एकदम दाबले, तर पट्टी वेग घेते आणि त्या वेगात हद्द ओलांडून जाते. हवेचा अडथळा नसेल, तर अशा वेळी सावकाश लागणाऱ्या व्होल्टेजच्या सुमारे ९२ टक्क्यांतच ती कोसळते. बाकीचे ८ टक्के नुसत्या घाईने जातात.

हा प्रकार १९६० च्या दशकात अभ्यासकांच्या नजरेत भरला. १९६७ साली अमेरिकेतल्या वेस्टिंगहाऊस कंपनीत नेथनसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विजेने थरथरणाऱ्या सूक्ष्म पट्टीचा ट्रान्झिस्टर मांडला आणि त्यात ही हद्दही मांडली. १९६८ साली इंग्लंडमध्ये सर जेफ्री टेलर यांनी जवळजवळ ठेवलेल्या थेंबांना आणि साबणाच्या पापुद्र्यांना वेगवेगळे व्होल्टेज दिले, की ते एकमेकांकडे झुकत जाऊन अचानक कसे मिळतात, याचे गणित सोडवले. एकीकडे धातू, दुसरीकडे साबणाचे पाणी, आणि स्वभाव मात्र एकच.

काजळीत सापडलेली नळी

१९९१ साली जपानच्या एनईसी कंपनीच्या प्रयोगशाळेत सुमिओ इजिमा यांना कार्बनच्या कांड्यांमध्ये विजेची ठिणगी पाडून मिळालेल्या पदार्थात अतिशय बारीक नळ्या दिसल्या. सोव्हिएत रशियात १९५२ सालीच अशा नळ्यांची छायाचित्रे छापून आली होती, पण जगाचे लक्ष वेधले ते इजिमा यांच्या लेखाने. कार्बनचे अणू मधमाशांच्या पोळ्यासारख्या षटकोनी जाळीत बसलेले असतात. ती जाळी गुंडाळून नळी झालेली असते. तिला कार्बन नॅनोट्यूब म्हणतात.

नॅनो म्हणजे किती? उद्यमनगरातल्या कोणत्याही टर्नरला ‘थाऊ’ ठाऊक असतो, म्हणजे इंचाचा हजारावा भाग. एका थाऊत सुमारे २५ मायक्रॉन येतात. एका मायक्रॉनचे हजार भाग केले की एक नॅनोमीटर. माणसाचा केस साधारण ८० ते १०० मायक्रॉन जाड, म्हणजे ८० हजार ते एक लाख नॅनोमीटर. एकपदरी नॅनोट्यूब एक-दीड नॅनोमीटरची असते. अनेकपदरी असली तर काही दशक नॅनोमीटरची. एवढी बारीक असूनही ताणाला ती पोलादाच्या सुमारे पाचपट ताठ असते आणि वजनाला पोलादाहून कितीतरी हलकी.

महाराष्ट्रात याचा एक खास अध्याय आहे. मुंबईच्या आयआयटीत महेश्वर शेरॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साध्या कापरापासून अशा नळ्या तयार करण्याचे काम केले. कापराची वाफ तापलेल्या भट्टीत धातूच्या कणांवरून नेली, की कार्बन नळीच्या रूपाने वाढतो. महागड्या वायूऐवजी बाजारात मिळणारी वस्तू वापरून केलेले हे काम पुढे जपानमध्येही नेले गेले.

विजेवर मिटणारा चिमटा

या नळीचे करायचे काय? १९९९ साली हार्वर्ड विद्यापीठात फिलिप किम आणि चार्ल्स लीबर यांनी तिचा चिमटा केला. काचेची सुईसारखी निमुळती नळी घेतली, तिच्यावर सोन्याचे दोन वेगळे पट्टे चढवले आणि प्रत्येक पट्ट्याच्या टोकाला नॅनोट्यूबची एक भुजा जोडली. व्होल्टेज दिले की दोन्ही भुजा एकमेकींकडे झुकत. व्होल्टेज वाढवत नेले तसे टोकांमधले अंतर हळूहळू कमी होत सुमारे निम्म्यावर आले. आणि साडेआठ व्होल्टच्या सुमारास चिमटा एकदम मिटला. कपाटावर चुंबक बसते तसाच तो ‘टक्’. या चिमट्याने त्यांनी मायक्रॉनपेक्षा लहान कण उचलून दाखवले.

इथे आपला एक तृतीयांशाचा नियम थोडा बदललेला दिसेल. कारण भुजा ही स्प्रिंगला टांगलेली सरळ पट्टी नसते. तिचे एक टोक पक्के असते आणि दुसरे मोकळे. मुळाशी ती जवळजवळ हलत नाही, टोकाशी सर्वांत जास्त झुकते. अशा दांडीचा हिशेब केला, तर समोरची पट्टी स्थिर असताना टोक मूळ अंतराच्या सुमारे ४५ टक्के झुकेपर्यंत तोल टिकतो. आकडा बदलला, स्वभाव बदलला नाही.

अशी विजेवर झुकणारी नळी म्हणजे स्विच. दोन तारा जोडायच्या आणि तोडायच्या. म्हणूनच २००० साली लीबर यांच्याच गटाने एकमेकींवर आडव्या-उभ्या टांगलेल्या नळ्यांची स्मृती सुचवली. वरची नळी खालच्या नळीला टेकली तर ‘एक’, दूर राहिली तर ‘शून्य’. मोबाईल किंवा संगणकाची मेमरी अशाच एक-शून्यांनी भरलेली असते.

वीज नसतानाची ओढ

इथे एक नवा पाहुणा हिशेबात शिरतो. भिंतीवर उलटी चालणारी पाल कशाने चिकटते? तिच्या पायाला गोंद नसतो. पायावरच्या असंख्य बारीक केसांचे अणू भिंतीच्या अणूंच्या अगदी जवळ जातात आणि त्यांच्यात एक मंद ओढ निर्माण होते. तिला व्हॅन डर वाल्स ओढ म्हणतात.

योहानेस व्हॅन डर वाल्स हे नाव आपल्या मुलांना सांगण्यासारखे आहे. १८३७ साली हॉलंडमधल्या लायडन गावी सुताराच्या घरी त्यांचा जन्म झाला. परिस्थितीमुळे त्यांनी आधी प्राथमिक शाळेत शिकवले. लॅटिन आणि ग्रीक न शिकल्यामुळे विद्यापीठाची परीक्षाही त्यांना सहजी देता येईना. त्यांनी स्वतःच्या बळावर अभ्यास चालू ठेवला, १८७३ साली प्रबंध लिहिला आणि १९१० साली त्यांना भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

ही ओढ मोठ्या यंत्रात हिशेबात धरायचे कारण नसते. दाराची कडी काही नॅनोमीटरवरच्या भिंतीला चिकटून बसत नाही. पण नळी आणि तिच्या खालचा पृष्ठभाग यांच्यात काही नॅनोमीटरचेच अंतर असेल, तर ही मंद ओढ मोठी होते. विजेची ओढ अंतर घटले की वाढते, ही त्याहूनही वेगाने वाढते. शिवाय बटण बंद केले तरी ती बंद होत नाही.

लांबीचा परिणाम तर फारच मोठा आहे. एक टोक पक्के असलेली नळी दुप्पट लांब केली आणि तिच्या प्रत्येक नॅनोमीटरवर तेवढीच ओढ ठेवली, तर टोक सोळा पट झुकते. तिप्पट लांब केली तर एक्क्याऐंशी पट. म्हणून नळी ठरावीक लांबीपेक्षा लांब असली किंवा अंतर ठरावीक आकड्यापेक्षा कमी असले, तर बॅटरी जोडायच्या आधीच ती खाली पडून चिकटते. मग तिचा स्विच म्हणून काही उपयोग राहत नाही. आणि एकदा चिकटली, तर सुटण्यासाठी तिचा स्वतःचा ताठपणा त्या चिकटण्यापेक्षा जास्त हवा.

म्हणजे कारागिराला दोन्हीकडून पेच आहे. नळी फार ताठ केली, तर तिला झुकवायला भरमसाट व्होल्टेज लागेल. फार मऊ केली, तर चिकटून बसेल आणि सुटणार नाही. मधल्या अरुंद पट्ट्यातच काम करणारे यंत्र बसते.

हिशेब म्हणजे नेमके काय?

२००२ साली अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात देक्वेन, रोटकिन आणि नारायण अलुरू यांनी नॅनोट्यूबच्या स्विचसाठी हा हिशेब पद्धतशीर मांडला. व्हॅन डर वाल्स ओढ धरली नाही, तर कोसळण्याचे व्होल्टेज खरे असते त्यापेक्षा जास्त येते, हे त्यात दिसून आले. म्हणजे हिशेबातून एक ओढ सुटली, तर आपण यंत्राला त्याच्या ऐपतीपेक्षा जास्त ताकदवान समजून बसतो.

अशा हिशेबाला ‘मॉडेल’ म्हणतात. त्याच्या पायऱ्या समजायला अवघड नाहीत. पहिली पायरी ताठपणाची. दांडी वाकवायला किती जोर लागतो, याचे समीकरण अठराव्या शतकात ऑयलर आणि बर्नुली यांनी दिले. पुलाची तुळई आणि घराचा बीम याच समीकरणाने मोजतात. तेच काही नॅनोमीटरच्या नळीला लावतात. दुसरी पायरी विजेची. नळी जिथे जास्त झुकली, तिथे ओढ जास्त, म्हणून लांबीचे बारीक तुकडे करून प्रत्येकाची ओढ वेगळी काढायची. तिसरी पायरी अणूंच्या मंद ओढीची. नळीची दोन्ही टोके पक्की असतील, तर चौथी पायरी लागते. अशी नळी झुकताना वाकते आणि ताणतेही, त्यामुळे ती जास्त विरोध करते.

मग संगणकावर व्होल्टेज एक-एक पाऊल वाढवत नेतात आणि प्रत्येक पावलाला नळीचा आकार काढतात. एका पावलाला समीकरणाला उत्तरच मिळत नाही. संगणक बिघडलेला नसतो. तोल साधणारा आकारच उरलेला नसतो. तीच ती हद्द. दहावीतल्या मुलांना हे चटकन कळेल. वर्गसमीकरणाचा विवेचक ऋण झाला की वास्तव मूळ मिळत नाही, तसेच हे.

या हद्दीवर माणसांचे जीव अवलंबून असतात. अपघात झाल्यावर गाडीतली एअरबॅग उघडायची की नाही, हे सिलिकॉनचे सूक्ष्म बोट किती हलले यावरून ठरते. मोबाईल आडवा केला की चित्र आडवे होते, तेही याच जातीच्या साधनामुळे. ती बोटे विजेच्या ओढीने चिकटून बसली, तर धक्का बसूनही काही कळणार नाही. म्हणून ती हद्दीपासून दूर ठेवावी लागतात. उलट सिनेमाच्या डिजिटल प्रोजेक्टरमध्ये लाखो सूक्ष्म आरसे मुद्दाम हद्द ओलांडून या किंवा त्या बाजूला पाडले जातात. १९८७ साली टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स कंपनीत लॅरी हॉर्नबेक यांनी ही युक्ती शोधली. हद्द ठाऊक असली की तिच्यापासून दूर राहता येते आणि तिचा उपयोगही करता येतो.

अल-जझरींचे वाडगे

अचानक कोसळण्याचा उपयोग करून घेणे आपल्या परंपरेला नवे नाही. १२०६ साली दियारबकरच्या अर्तुकी दरबारात अल-जझरी यांनी यंत्रांवरचा ग्रंथ पुरा केला. त्यातल्या हत्तीच्या घड्याळात हत्तीच्या पोटात पाण्याचा हौद आहे. त्यात तळाला बारीक भोक असलेले वाडगे तरंगते. अर्धा तास ते सावकाश भरत राहते. मग एका क्षणी ते बुडते आणि बुडताना दोरी ओढून सारी यंत्रणा हलवते. आपल्याकडच्या जुन्या घटिकापात्राचे तत्त्व हेच. अल-जझरींच्या कारंज्यांतही भरत भरत जाऊन अचानक कलंडणारी भांडी आहेत. प्रयोगाने पडताळून न पाहिलेल्या यांत्रिक विद्येवर त्यांचा भरवसा नव्हता. वाडग्याचे भोक किती असावे, हे ते पुन्हा पुन्हा करून पाहून ठरवत.

पोलादाचाही एक धागा आहे. नवव्या शतकात अल-किंदी यांनी तलवारींच्या पोलादावर स्वतंत्र पुस्तिका लिहिली. दमास्कसच्या नावाने प्रसिद्ध झालेल्या पात्यांसाठी पोलाद जात असे ते हिंदुस्थानातून, दख्खनमधूनही. २००६ साली जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या संशोधकांनी सतराव्या शतकातल्या अशा एका पात्यात कार्बन नॅनोट्यूब आढळल्याचे जाहीर केले. सर्वच धातुशास्त्रज्ञांनी ते मान्य केले असे नाही. पण आपल्या कोल्हापूर-सांगलीकडच्या शिकलगार घराण्यांचे नाव तलवारीला धार आणि झिलई देण्याच्या हुन्नरावरूनच पडले आहे, हे या निमित्ताने मुलांना सांगायला हरकत नाही.

कोल्हापूरचा संबंध

ऑइल इंजिनांपासून मोटारींच्या सुट्या भागांपर्यंत कोल्हापूरच्या फाउंड्रीज आणि वर्कशॉप यांनी नाव कमावले. शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव इथल्या कारखान्यांत आपल्या समाजातले फिटर, टर्नर, मोल्डर मोठ्या संख्येने काम करतात. थाऊचा आणि मायक्रॉनचा हिशेब या हातांना नवा नाही. त्यांच्या मुलांना मायक्रॉनच्या हजाराव्या भागाचा हिशेब का जमू नये?

१९६२ साली स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठात भौतिकशास्त्र विभागाने पातळ थरांच्या संशोधनात देशभर ओळख मिळवली आहे. महागड्या यंत्राशिवाय, द्रावणाचा फवारा मारून किंवा रसायनात बुडवून थर चढवण्याच्या पद्धतींवर इथे वर्षानुवर्षे काम झाले. नॅनोसायन्सचा स्वतंत्र विभागही तिथे आहे आणि मेमरीच्या नव्या साधनांवर, मेमरिस्टरवर, तिथून शोधनिबंध निघाले आहेत. नळ्यांचे स्विच कोल्हापुरात बनतात असे आमचे म्हणणे नाही. पण वस्तू बनवायला धूळमुक्त खोली आणि कोट्यवधींची यंत्रे लागतात, आणि ती कधी कोसळेल याचे गणित करायला वही, साधा संगणक आणि चिकाटी पुरते. हा फरक आपल्या शहरासाठी मोलाचा आहे.

लागणारी साधने फुकट आहेत. सायलॅब, ऑक्टेव्ह, पायथन ही सॉफ्टवेअर विनामूल्य मिळतात. मुंबई आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात काही धडे मराठीतूनही आहेत. एनपीटीईएलवर आयआयटी आणि बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या प्राध्यापकांची व्याख्याने घरबसल्या ऐकता येतात. आणि गणिताची खातरजमा प्रत्यक्ष साधनावर करायची वेळ आली, तर ‘इंडियन नॅनोइलेक्ट्रॉनिक्स युजर्स प्रोग्राम’ या सरकारी योजनेतून बाहेरच्या महाविद्यालयांतल्या संशोधकांना मुंबई आयआयटीसारख्या संस्थांच्या प्रयोगशाळा वापरता येतात. तिथे काम करताना एक काळजी मात्र घ्यायची. लांब, ताठ नळ्यांची धूळ श्वासातून गेली तर फुप्फुसाला अॅस्बेस्टॉससारखा त्रास होऊ शकतो, असे उंदरांवरच्या प्रयोगांत २००८ साली दिसले. २०१४ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने एका प्रकारच्या अनेकपदरी नळीला कर्करोगाची शक्यता असलेल्या पदार्थांत धरले. म्हणून मास्क आणि बंद कपाट यांत हयगय नको.

आईवडिलांसाठी

बारावी सायन्स झालेल्या मुलीला ‘पुढे बीएस्सी भौतिकशास्त्र किंवा गणित करते’ असे म्हणताना आपण किती घरांत ऐकतो? आणि ऐकले, तर ‘त्यात नोकरी कुठे?’ असे आपणच विचारतो. नोकरीचा प्रश्न खोटा नाही. घरात दोन मुले शिकत असतील आणि कमावणारा एक असेल, तर आठ-दहा वर्षांचे शिक्षण हा मोठा बोजा असतो. त्यात अल्पसंख्याक समाजाच्या संशोधक विद्यार्थ्यांना आधार देणारी मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप केंद्र सरकारने २०२२-२३ पासून बंद केली. हा आधार गेला, हे मान्य करूनच पुढची वाट पाहिली पाहिजे.

वाटा आहेत. नेट परीक्षेतून मिळणारी कनिष्ठ संशोधन फेलोशिप सर्वांना खुली आहे. गेट परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांना एमटेकला विद्यावेतन मिळते. विज्ञान-तंत्रज्ञान विभागाची ‘इन्स्पायर’ योजना पदवीपासूनच्या हुशार विद्यार्थ्यांसाठी आहे. या परीक्षांची तयारी पदवीच्या पहिल्या वर्षापासून करावी लागते, शेवटच्या वर्षी जाग येऊन भागत नाही. यंत्र बनवणाऱ्या कंपन्यांनाही आता असा हिशेब करणारी माणसे लागतात. पुलाची तुळई असो की मोबाईलमधले सूक्ष्म बोट, ‘कधी मोडेल?’ हे आधी सांगणारा माणूस प्रत्येक कारखान्याला हवा असतो.

१९०६ साली राजर्षी शाहू महाराजांच्या पुढाकाराने कोल्हापुरात मुस्लिम बोर्डिंग उभे राहिले. दसरा चौकातली ती वास्तू आजही आहे. खेड्यातल्या मुसलमान मुलाला शहरात राहून शिकता यावे, एवढी साधी गरज तिने भागवली. आजच्या मुलांची गरज थोडी वेगळी आहे. अभ्यासाला शांत कोपरा, एक जुना का होईना पण चालणारा संगणक, बऱ्यापैकी इंटरनेट आणि गणितात अडले तर विचारायला एखादा मोठा भाऊ किंवा आपा. मोहल्ल्यातल्या जमातीने, शाळेने किंवा चार घरांनी मिळून एवढे करणे आवाक्याबाहेरचे नाही.

तूर्त या रविवारी मुलांना रबर आणि चुंबक द्या. टाचणीने मोजपट्टी धरून चुंबक कोणत्या अंतरावर ‘टक्’ करते ते पाच वेळा मोजायला सांगा. मग रबर दुहेरी करून पुन्हा पाच वेळा. दोन्ही आकडे वहीत लिहायला लावा आणि फरक का पडला ते त्यांनाच विचारा. उत्तर चुकले तरी रागावू नका, पुन्हा मोजायला सांगा.